‘रानातलं आहे का?’ : ठाणे-नवी मुंबईत लावा विकणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोडवरचं मटणाचं दुकान असो, येऊरच्या पायथ्याची खानावळ असो की पनवेलकडचं फार्महाऊस, एक गिऱ्हाईक हमखास भेटतं. आधी इकडेतिकडे बघतं आणि मग हळूच विचारतं, ‘काय मालक, रानातलं काही मिळेल का?’ त्याच्या मनात भेकर असतं, ससा असतो, रानडुक्कर असतं, क्वचित चितळ. उत्तर एकच, ‘नाही.’ पण नुसतं ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक उठून जातं. त्याला खरं काय हवं आहे हे ओळखलं तर त्याच ताटात पाळलेला लावा, म्हणजे बटेर, देता येतो, तोही बिलासकट. हा पक्षी कुठून घ्यावा, कसा सोलावा, कसा विकावा आणि लोकांच्या प्रश्नांना काय सांगावं, ते पुढे आहे. सुरुवात मात्र कायद्यापासून, कारण दुकान बंद पडतं ते तिथे.

रानचं मटण : नेमका गुन्हा कशाकशात

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसते ती ‘मांस’ शब्दाची व्याख्या. रक्त, हाडं, चरबी, अंडी, कातडीसह किंवा कातडीशिवाय, कच्चं किंवा शिजवलेलं, सगळं त्यात येतं. म्हणजे ‘आम्ही मारलं नाही, फक्त रस्सा केला’ हा बचाव नाही. पातेल्यातला रस्साही मांसच.

कलम ३९ प्रमाणे असा प्राणी, मेलेला असला तरी, सरकारी मालमत्ता ठरतो. तो कोणत्याही मार्गाने हातात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. गाडीखाली आलेला ससा, विहिरीत पडून मेलेलं भेकर, कुत्र्यांनी फाडलेलं पाडस, सगळ्यांना हाच नियम. गुन्ह्यात वापरलेलं वाहनही सरकारजमा होतं. डिकीत दोन किलो मांस घेऊन माळशेजवरून उतरणाऱ्याने पणाला काय लावलंय, तर गाडी.

पुढचं कलम ५७ दुकानदारासाठी सगळ्यात अवघड. वन्यप्राण्याचं मांस तुमच्या ताब्यात सापडलं की ते बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला, प्राणी असेल किंवा शिकार राष्ट्रीय उद्यानात, अभयारण्यात झाली असेल, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं, शिवाय किमान २५ हजार दंड. ठाणेकरांनी हे वाक्य दोनदा वाचावं, कारण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि पनवेलच्या पुढे कर्नाळा अभयारण्य आहे.

नेहमी कानावर पडणाऱ्या समजुती अशा:

‘रानडुक्कर पिकं खातं, त्याला मारायची परवानगी असते.’ कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, हे खरं. पण तसं मारलेलं जनावरही सरकारचंच. मारायची परवानगी म्हणजे खायची परवानगी नव्हे, विकायची तर नाहीच.

‘पाड्यावरच्या माणसाने आणून दिलं, तो आदिवासी आहे.’ विकणारा कोण आहे यावर विकत घेणाऱ्याची सुटका ठरत नाही. उलट दोघंही अडकतात, आणि वकील फक्त तुम्हाला परवडतो.

‘गिऱ्हाईकाने स्वतःचं आणलं, आम्ही फक्त शिजवून दिलं.’ फार्महाऊसवाल्यांची ही सर्वात महागडी चूक. जागा तुमची, भांडं तुमचं, गॅस तुमचा, म्हणजे ताबाही तुमचा. ‘बाहेरून आणलेलं मांस शिजवून मिळणार नाही’ अशी पाटी बुकिंगच्या नियमांतच टाका. मग नाही म्हणताना तोंड चुकवावं लागत नाही.

‘शिजल्यावर कुणाला कळतंय?’ कळतं. तुकड्यातल्या डीएनएवरून जात ओळखता येते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत असे नमुने तपासले जातात. शिजवल्याने डीएनएचे तुकडे होतात, पण ओळख पटवायला लहान तुकडाही पुरतो.

कुणी असं मांस विकायला घेऊन आलं तर घेऊ नका, फोटोसाठी हातातही धरू नका. वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे.

मग परदेशात हरीण विकतात ते कसं?

हा प्रश्न टॉवरमधल्या गिऱ्हाईकाकडून येतो. सुट्टीत लंडनला हरणाचं बर्गर खाल्लेलं असतं. ब्रिटनमध्ये लांडग्यासारखे मोठे शिकारी प्राणी शतकांपूर्वीच संपले, हरणं वाढली, आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला हंगाम ठरवून शिकार होते. पण बंदुकीतून थेट ताटात असा तो प्रवास नाही. प्रशिक्षित शिकारी जागेवरच आतडी, यकृत, फुफ्फुसं तपासतो आणि काही वावगं दिसलं का ते लिहून देतो. मोठ्या जनावराचं मांस ७ अंश सेल्सिअसच्या खाली, पक्षी आणि सशासारखं लहान सावज ४ अंशांच्या खाली नेलं जातं. मग मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी, शिक्का आणि विक्री. न्यूझीलंडमध्ये तर हरणं कुंपणात पाळून त्यांचं मांस निर्यात होतं.

आपल्याकडे ही साखळीच नाही. फासकीत अडकलेलं जनावर रात्रभर झटापट करतं. स्नायूंमधली साखर संपते, मेल्यावर मांसात जे आम्ल तयार व्हायला हवं ते पुरेसं होत नाही, आणि मांस काळपट, चिवट होऊन लवकर नासतं. ‘रानचं मटण काळंच असतं’ असं कौतुकाने सांगतात, त्यातला बराचसा काळेपणा या तडफडीचा. विषारी आमिषाने मारलेल्या जनावरात कीटकनाशक उतरलेलं असतं, छऱ्याने मारलेल्यात शिसं. रानडुकरात ट्रायकिनेलासारखे कृमी असू शकतात आणि अर्धवट शिजलं तर ते माणसात येतात. यातलं काहीच वरून दिसत नाही, आणि तपासणारा पशुवैद्यक साखळीत कुठेच नाही. त्याच फासकीत बिबट्याही अडकतो, हे वेगळंच.

शिवाय ‘हरीण’ म्हणून पिशवीतून येतं ते हरीणच असेल याची खात्री कोण देणार? चोरीच्या धंद्यात तक्रारीची सोय नसते. ते गोवंशाचं निघालं, तर महाराष्ट्रात २०१५ पासून त्याचा गुन्हा निराळा.

कायदेशीर पक्षी कोणता

जपानी लावा. बाजारात याला बटेर म्हणतात, कुणी लाव्हरी, कुणी सरळ क्वेल. काही विक्रेते ‘तितर’ म्हणून खपवतात. ते चूक आणि धोक्याचंही, कारण तितर संरक्षित आहे. आपल्या गवताळ माळावरचा रानलावा आणि झुडपी लावाही संरक्षित. चालतो तो फक्त पाळीव जातीचा जपानी लावा. १९७४ साली तो अमेरिकेतून भारतात आणला गेला, आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे मांसाचे आणि अंड्यांचे सुधारित वाण तयार केले.

पिंजऱ्यातला जपानी लावा आणि पकडून आणलेला रानलावा दिसायला इतके जवळचे की सोलल्यावर फरक सांगणं अवघड. म्हणून भरवसा डोळ्यांवर नको, कागदावर ठेवा. फार्मचं नाव-पत्ता, तारीख, पक्ष्यांची संख्या आणि ‘जपानी लावा’ असं स्पष्ट लिहिलेलं बिल. दहा-बारा पक्षी जाळीच्या पिशवीत घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडून कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. पकडलेल्या पक्ष्याची नखं मातीने झिजलेली असतात, तो पिंजऱ्याला सतत धडका देतो, दिलेलं खाद्य खात नाही. फार्मचा पक्षी माणूस जवळ आला की आधी खाद्याच्या भांड्याकडे धावतो.

खरेदी : वय बघा, वजन नंतर

अंडं उबवायला १७ ते १८ दिवस लागतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू ७-८ ग्रॅमचं असतं, जेमतेम अंगठ्याएवढं. पाच आठवड्यांत ते १८० ते २०० ग्रॅमवर येतं. मांसासाठी पाचवा-सहावा आठवडा हीच वेळ. सहा-सात आठवड्यांत मादी अंडी घालू लागते. मग फार्मवाला तिला वर्षभर अंड्यांवर ठेवतो आणि अंडी कमी झाली की मांसाच्या भावाने काढून टाकतो. हा म्हातारा माल वजनाने भरतो, २२०-२५० ग्रॅमचा असतो आणि स्वस्त मिळतो. नवा विक्रेता खूश होऊन घेतो, आणि आठवड्याने गिऱ्हाईक येऊन सांगतं, ‘रबर होतं.’

ओळखायची खूण छातीच्या हाडात आहे. पक्षी उलटा धरा आणि छातीच्या मधल्या हाडाचं पोटाकडचं टोक अंगठ्याने दाबा. कोवळ्या पक्ष्यात ते कुर्च्यासारखं लवतं, जुन्यात टणक लागतं. सगळे नाही, दर खेपेला पाच-सहा पक्षी दाबून बघा.

नर-मादी ओळखणं सोपं. नराची छाती तांबूस, एकसारखी. मादीची फिकट, काळ्या ठिपक्यांची आणि अंगाने ती थोडी जड. वयात आलेल्या नराच्या शेपटीखाली एक ग्रंथी असते, दाबली की पांढरा फेस येतो. सोलताना ती काढली नाही तर रश्श्याला उग्र वास मारतो. ‘बटेरला वास येतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

वाहतूक पहाटेची ठेवा. एप्रिल-मे मध्ये कल्याण फाट्याला गाडी अडकली की अर्धा क्रेट मेलेला मिळतो. क्रेट बुटका हवा, १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा. लावा घाबरला की पळत नाही, सरळ वर उडतो, आणि उंच पिंजऱ्यात वेग घेऊन डोकं फोडून घेतो. साठ बाय चाळीस सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये हिवाळ्यात २५, उन्हाळ्यात २० च्या आतच भरा.

सोलणं आणि थंड करणं

दुकानातच कापायचं असेल तर तशी परवानगी हवी. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापणारा आणि ठरलेल्या मर्यादेत वार्षिक उलाढाल असलेला विक्रेता ‘लघु’ धरला आहे. त्याला नोंदणी पुरते, त्यापुढे परवाना. महापालिकेचा मांसविक्रीचा परवाना वेगळा. जागा बघतानाच हे लक्षात घ्या की धार्मिक स्थळापासून ५० मीटर अंतर लागतं, आणि त्याच्या दारासमोरच दुकानाचं दार येत असेल तर १०० मीटर. गाळ्याचं डिपॉझिट भरून झाल्यावर टेप काढणारे बरेच भेटतात. हे सगळं जमणार नसेल तर सोललेला थंड माल परवानाधारक फार्मकडूनच घ्या. सुरुवातीला तेच शहाणपणाचं.

स्वतः सोलणार असाल तर क्रम असा. कापण्याआधी ४ ते ६ तास खाद्य बंद, पाणी चालू. उपाशी ठेवला नाही तर अन्नाची पिशवी भरलेली राहते आणि फुटून छातीवर सांडते. रक्त पूर्ण निथळायला दीड-दोन मिनिटं द्या. घाई केली तर मांसावर लाल डाग राहतात आणि ते लवकर बिघडतं.

कातडीसकट हवा असेल तर पाणी ५३ ते ५५ अंश, बुडवायचं ३० ते ४५ सेकंद. कोंबडीचं उकळतं पाणी इथे चालत नाही, कातडी पिसांबरोबर सोलून निघते. थर्मामीटर नसेल तर हा माल करूच नका. बिनकातडीचा सोपा: पंखांची टोकं आणि पाय सांध्यावर कापा, छातीवर कातडीला चीर द्या आणि सदरा उतरवावा तशी काढा. आपल्याकडचं बहुतेक गिऱ्हाईक बिनकातडीचाच मागतं, पण भाजायला कातडीवालाच बरा, कारण तिच्याखाली असेल तेवढीच चरबी या पक्ष्यात असते.

मग धारदार कात्रीने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढा. पोट पुस्तकासारखं उघडतं, आतडी एका ओढीत निघतात. पित्ताची पिशवी यकृताला चिकटलेली असते, मुगाच्या दाण्याएवढी. ती फुटली तर तो पक्षी लगेच बाजूला घेऊन धुवा, नाहीतर बाकीच्यांनाही कडवटपणा लागतो. मानेजवळची अन्नपिशवी आणि शेपटीची ग्रंथी काढायला विसरू नका. काळीज-यकृत वेगळं ठेवा. ५० पक्ष्यांचं मिळून थोडंसंच निघतं, पण त्याला हक्काचं गिऱ्हाईक असतं.

लगेच बर्फाच्या पाण्यात. १०० पक्षी साधारण १३ किलो भरतात. तितकाच बर्फ आणि तितकंच पाणी घ्या. मांस ४ अंशांवर यायला अर्धा तास धरा. मग चाळणीवर १५ मिनिटं निथळू द्या. निथळलं नाही की पाकिटात पाणी सुटतं, वजन कमी भरतं आणि गिऱ्हाईक ‘पाणी विकता काय’ म्हणतं. त्याचं चूक नसतं.

० ते ४ अंशांत दोन दिवस, फार तर तीन. त्यापुढे विकला जाणार नसेल तर उणे १८ वर टाका, पण पहिल्याच दिवशी. तिसऱ्या दिवशी उरलेला माल गोठवणं म्हणजे बिघाड गोठवणं. हवाबंद पिशवीत तंगडीचं हाड टोचून भोक पडतं आणि मांस बर्फाने जळून पांढरं होतं. दोन्ही तंगड्या छातीखाली दुमडून, मध्ये बटर पेपरचा तुकडा देऊन पिशवी बंद करा. पाकिटावर नोंदणी क्रमांक, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, निव्वळ वजन, ‘जपानी लावा, पाळीव’ हे शब्द आणि चौकोनातला तपकिरी त्रिकोण.

भाव किलोने लावू नका

समजा जिवंत पक्षी ६० रुपयांना पडला. सोलाई १०, बर्फ-पिशवी ६, झाले ७६. शंभरात पाच मरतात किंवा विकले जात नाहीत असं धरलं तर विकलेल्या प्रत्येकाची किंमत ८० पडते. २०० ग्रॅमचा जिवंत पक्षी सोलून १३० ग्रॅम भरतो, बिनकातडीचा त्याहून १५-२० ग्रॅम कमी. किलोत मोजलं तर तुमचीच किंमत ६१५ रुपये होते. पाटीवर नफा धरून ‘७५० रुपये किलो’ लिहिलंत की गिऱ्हाईक लगेच ब्रॉयलरशी तुलना करतं आणि पाठ फिरवतं. चार नगांचं पाकीट करा, नगावर भाव सांगा, वजन पाकिटावर छापलेलं असू द्या. खानावळीत चाखायला एक, जेवायला दोन नग माणशी धरा.

मागणी कॅलेंडरवर चालते. बुधवार, शुक्रवार, रविवार चालू. सोमवार, गुरुवार, शनिवार थंड. श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार हे बेत आखूनच धरायचे. सगळ्यात मोठा दिवस गटारीचा, आषाढी अमावास्या. त्या दिवशी पाच आठवड्यांचा पक्षी हवा तर अंडी त्याच्या ५३ दिवस आधी मशीनमध्ये जायला हवीत, म्हणजे ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात. फार्मवाल्याला वैशाखी अमावास्येलाच संख्या सांगा. आषाढात फोन करणाऱ्याला म्हाताऱ्या माद्या मिळतात. आणि उरलेला पक्षी श्रावणभर पिंजऱ्यात ठेवू नका. रोज २५ ते ३० ग्रॅम खाद्य खाऊन तो फक्त निबर होतो.

बर्ड फ्लूची बातमी आली की कोंबडीबरोबर लावाही झोपतो, आणि त्याला तो रोग होतोही. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत लागण सापडली तेव्हा हजारो पक्षी मारावे लागले होते. अशा वेळी लागण झालेल्या जागेभोवती १ किलोमीटर बाधित आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र जाहीर होतं. कोणत्या फार्मचा माल कोणत्या तारखेला आला, याची वही असेल तर तुमचा पक्षी त्या वर्तुळाबाहेरचा आहे हे पाच मिनिटांत दाखवता येतं. वही नसेल तर माल खड्ड्यात पुरून टाकावा लागतो.

लोक काय म्हणतात, आणि त्यांना काय म्हणावं

विकण्याचं अर्धं काम इथे आहे. शिकारीच्या मांसाबद्दल ठाणे-नवी मुंबईत एकच एक मत नाही, आणि सगळ्यांना एकच उत्तर दिलं तर फसतं.

घाटावरून, कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेल्या घरांत साध्या बोकडाच्या मटणालाही ‘शिकार’च म्हणतात. असा माणूस ‘आज शिकार आहे का?’ म्हणाला तर दचकू नका, त्याला अर्धा किलो मटण हवंय. आधी हे ओळखा, मग कायद्याचं व्याख्यान.

पन्नाशी-साठीचं गिऱ्हाईक वडील-आजोबांच्या आठवणी काढतं. भेकराची तंगडी, सशाचं सुकं. ती पिढी १९७२ च्या आधीची, तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी सरसकट बंदी नव्हती. त्याला ‘गुन्हा आहे’ असं तोंडावर सांगितलं तर आजोबांनाच गुन्हेगार ठरवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा चवीकडे वळवा. जी चव आठवते आहे ती निम्मी चुलीच्या धुराची, पाट्यावरच्या वाटणाची आणि दिवसभर चालून लागलेल्या भुकेची. मांसाचं त्यात एवढंच, की ते बिनचरबीचं आणि दाट होतं. लावा तसाच आहे.

आगरी-कोळी घरातलं गिऱ्हाईक चोखंदळ, पण नव्या पक्ष्याला नाक न मुरडणारं. त्यांचा आक्षेप एकच: ‘एवढासा पक्षी, हाडंच जास्त.’ हे खरंच आहे, वाद घालू नका. लावा हाताने खायचा, तंगडीची हाडं चावायची. पहिल्यांदा घेणाऱ्याला चार नग देताना पाठीचा कणा आधीच काढलेला आहे हे दाखवा, निम्मी तक्रार तिथेच संपते.

टॉवरमधलं तरुण गिऱ्हाईक दोन टोकांचं. एकाला ‘वाइल्ड’ म्हटलं की पौष्टिक वाटतं, दुसऱ्याला गोंडस पक्षी खाणं क्रूर वाटतं. पहिल्याला सांगा की हा पिंजऱ्यातला, दाणा खाऊन वाढलेला आहे, आणि म्हणूनच सुरक्षित आहे. दुसऱ्याला काहीही पटवायला जाऊ नका. ज्या सोसायट्यांत मांसाहारावरून आधीच कुरबुर असते तिथे घरपोच माल साध्या, बंद, न गळणाऱ्या पिशवीत पाठवा. लिफ्टमध्ये रक्ताचा थेंब पडला की त्या इमारतीतली सगळी गिऱ्हाईकं गेली.

‘हलाल आहे का?’ आणि ‘झटका आहे का?’ हे दोन्ही प्रश्न येणार. जे आहे ते सांगा आणि पाटीवर लिहा. दोघांनाही होकार देणारा दुकानदार दोघांच्याही लक्षात येतो.

आता पाटीबद्दल. ‘रानमेवा’, ‘जंगलची चव’, ‘शिकारी स्पेशल’ लिहायचा मोह होतो. हरणाचं, रानडुकराचं चित्र, भिंतीवर शिंगं असलं काही लावू नका. गिऱ्हाईक वाढतं त्याआधी तपासणी वाढते. माल जो नाही तो असल्याचं भासवणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत. राजस्थानी ‘जंगली मांस’ हा पदार्थ ठेवत असाल, फक्त तूप, मीठ आणि लाल मिरचीवर शिजवलेला, तर खाली ‘बोकडाचं’ हा शब्द त्याच आकारात छापा.

ताटातला लावा : आठ नगांचं प्रमाण

पाटी कितीही नीट लिहिली तरी पक्षी कोरडा निघाला तर गिऱ्हाईक परत येत नाही, आणि लावा कोरडा होतो तो कोंबडीच्या वेळेने शिजवल्यामुळे.

आठ कोवळे पक्षी, साधारण १ किलो. १ लिटर गार पाण्यात ४० ग्रॅम मीठ विरघळवून ४५ मिनिटं बुडवा. याहून जास्त ठेवलं तर खारट होतात. काढून फडक्याने पूर्ण कोरडे करा, ओला पक्षी तेलात भाजत नाही, उकडतो. हळद आणि दोन चमचे आलं-लसूण चोळा, मीठ लावू नका.

वाटण: दोन-तीन मध्यम कांदे सालीसकट निखाऱ्यावर किंवा गॅसवर काळे होईपर्यंत भाजून साल काढलेले, सुकं खोबरं ६० ग्रॅम खरपूस भाजून, बेडगी मिरच्या ७, लवंगी ३, धणे २ चमचे, खसखस १ चमचा, लवंगा ५, मिरी १०, दालचिनी बोटाच्या एका पेराएवढी, दगडफूल दोन चिमूट, बी काढलेली तिरफळं ३. तिरफळाचं बी राहिलं तर वाटण कडू होतं. खोबरं काळं पडलं तर टाकून द्या, रंग येईल पण जळका वास जाणार नाही.

लोखंडी कढईत ६० मिली तेल चांगलं तापवा. पक्षी छातीकडून दोन मिनिटं, पाठीकडून दोन मिनिटं, एका वेळी चारच. आठही टाकले की कढई गार पडते. बाहेर काढा. त्याच तेलात वाटण परता, कडेने तेल सुटेपर्यंत, आठ-दहा मिनिटं. पाव लिटर गरम पाणी घाला, उकळी आली की पक्षी परत सोडा आणि झाकण ठेवून १० ते १२ मिनिटं. आतलं तापमान ७४ अंश झालं की बास. मिठाची चव आता घ्या, आधी नाही. म्हातारी मादी असेल तर हाच रस्सा कुकरमध्ये दोन शिट्ट्या.

चुलीची चव हवी असेल तर मधोमध वाटी ठेवा, लाल निखारा, वर अर्धा चमचा तूप, आणि झाकण तीन मिनिटं. पाच मिनिटं ठेवलं की रस्सा कडवट होतो. खानावळीत हा धूर प्रत्येक ऑर्डरला ताजा द्यायचा. सकाळी धूर दिलेला रस्सा दुपारपर्यंत शिळ्या राखेसारखा लागतो.